पुस्तक मिटल्यावर काय वाजवाल?

पियानोच्या शिकवणीची चौकशी करायला लोक फोन करतात, तेव्हा त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. आईवडील विचारतात, "मुलाला कितव्या वर्षापासून घालावं?" आणि स्वतःसाठी चौकशी करणारी मोठी माणसं आवाज जरा खाली आणून विचारतात, "आता या वयात जमेल का हो?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मी पुढे देणारच आहे. पण आणखी एक प्रश्न आहे. तो फारसं कुणी विचारत नाही, आणि मला तर तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. शिकणाऱ्याच्या समोरचं पुस्तक मिटलं, तर त्याच्या बोटांत आणि कानांत काय उरेल?

आपल्याकडे पियानो शिकणं म्हणजे बहुतेक वेळा ग्रेडच्या परीक्षा देणं. लंडनचं ट्रिनिटी कॉलेज किंवा १८८९ साली स्थापन झालेलं असोसिएटेड बोर्ड यांच्या या परीक्षा. पहिली ते आठवी अशा चढत्या पायऱ्या, प्रत्येक पायरीला ठरावीक रचना, स्केल्स, आणि पूर्वी न पाहिलेलं नोटेशन वाचून वाजवणं. या परीक्षांना मी नावं ठेवणार नाही. माझे विद्यार्थी त्या देतात. त्यांच्यामुळे शिस्त येते, बोटं घडतात, चांगल्या रचनांशी ओळख होते. पण वर्षभर तीनच रचना घोटायच्या, परीक्षा द्यायची, प्रमाणपत्र भिंतीवर लावायचं आणि पुढच्या तीन रचना हातात घ्यायच्या, असं आठ वर्षं चाललं की एक विचित्र माणूस तयार होतो. हा माणूस बीथोवनचा सोनाटा वाजवू शकतो, पण घरात कुणाचा वाढदिवस असला आणि सगळे म्हणाले, "अरे, जरा हॅपी बर्थडे वाजव," तर तो म्हणतो, "माझ्याकडे त्याचं नोटेशन नाही."

यात हसण्यासारखं आहे, तसं वाईट वाटण्यासारखंही आहे. कारण याच मुलांचा पियानो दहावी-बारावीच्या सुमाराला बंद होतो. अभ्यास वाढला हे कारण सांगितलं जातं आणि ते खरंही असतं. पण गाणं म्हणणारी मुलं बारावीतही गुणगुणतातच की! पियानोवाल्या मुलाला मात्र पुस्तकाशिवाय काही येत नसतं. पुस्तक उघडायला वेळ नाही म्हटल्यावर वाद्य उघडायचंही कारण उरत नाही. मग त्या पियानोवर आधी टेबलक्लॉथ येतो, मग फोटोफ्रेमा, आणि मग इस्त्रीचे कपडे.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो सहा वर्षांचा असो की साठ वर्षांचा, मी पहिल्या दिवसापासून स्वतःच्या मनाने वाजवायला लावते. इंग्रजीत याला इम्प्रोव्हायझेशन म्हणतात. आपल्याकडे उपज हा सुंदर शब्द आहे. हे वरच्या इयत्तेत गेल्यावर, तंत्र पक्कं झाल्यावर शिकायचं असतं, असा समज आहे. माझा अनुभव बरोबर उलटा आहे.

आणि हा काही माझा शोध नव्हे. ज्या युरोपातून हे वाद्य आलं, तिथे कित्येक पिढ्या असंच शिकवलं जात होतं. १७०० च्या सुमाराला फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने पियानो घडवला. त्याच काळात नेपल्समधल्या अनाथालयांत मुलांना संगीत शिकवत. 'कॉन्झर्व्हेटरी' हा शब्दच मुळात या अनाथालयांवरून आला. मुलांना पोटाचा उद्योग हवा, म्हणून संगीत. तिथे मुलांसमोर फक्त डाव्या हाताच्या, म्हणजे खर्जाच्या स्वरांची एक ओळ ठेवत. वरचं सगळं मुलाने तिथल्या तिथे स्वतः भरायचं. बाखने आपल्या थोरल्या मुलासाठी १७२० साली एक वही सुरू केली. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्या वहीतले काही धडे पुढे १७२३ मध्ये 'इन्व्हेन्शन्स' म्हणून त्याने नीट लिहून काढले, आणि त्यांच्या मुखपृष्ठावरच स्पष्ट केलं की विद्यार्थ्याने दोन हात स्वच्छ वाजवायला तर शिकावंच, पण चांगल्या कल्पना सुचायला आणि त्या वाढवायलाही शिकावं. बीथोवन व्हिएन्नात आला तेव्हा त्याचा दबदबा झाला तो आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्यामुळे. त्याचा शिष्य चेर्नी, ज्याचे बोटांचे व्यायाम आजही जगभरची मुलं कुरकुरत वाजवतात, त्याने १८२९ मध्ये उपज कशी शिकावी यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. व्यायामांची पुस्तकं राहिली, हे पुस्तक मात्र शिकवण्यांतून गायब झालं.

कारणं समजण्यासारखी आहेत. एकोणिसाव्या शतकात छापील संगीत स्वस्त झालं आणि पियानो मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोहोचला. घरोघर वाजवायला तयार रचना मिळू लागल्या. थोर रचनाकारांचं लिहिलेलं जसंच्या तसं वाजवणं हीच मोठी गोष्ट ठरली. पुढे परीक्षा आल्या, आणि जे मोजता येतं तेच परीक्षेत जास्त येतं. चर्चमधल्या ऑर्गनवादकांनी ही परंपरा टिकवली, जॅझवाल्यांनी तिला नवा जन्म दिला, पण शिकवणीतल्या मुलाच्या वाट्याला फक्त पुस्तक आलं.

खरं तर आपल्याला हे समजावून सांगायची गरजच पडू नये. ख्याल गाणारा गायक दोन ओळींची बंदिश घेऊन पाऊण तास गातो, त्यातली बंदिश किती आणि उपज किती? आपल्या कानांना ही सवय आहे. पण हेच कान पियानोसमोर बसले की आपण त्यांना सांगतो, तुम्ही गप्प बसा, आता डोळे काय ते बघतील.

मी सुरुवात कशी करते ते सांगते. रेडिओवर मला पट्ट्या दाखवता येत नाहीत, म्हणून पेटी डोळ्यांसमोर आणा. पियानोवर ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. पण रचना पेटीसारखीच. काळ्या पट्ट्या दोनाच्या आणि तिनाच्या गटात येतात. दोनाच्या गटातल्या काळी एक आणि काळी दोन, तिनाच्या गटातल्या काळी तीन, काळी चार आणि काळी पाच. पेटीवाले आणि गाणारे हीच नावं वापरतात.

पहिल्या दिवशी मी विद्यार्थ्याला सांगते, पांढऱ्या पट्ट्यांना हातच लावायचा नाही. फक्त काळ्या वाजव. डाव्या हाताने काळी तीन आणि तिच्या वरची काळी एक अशा दोन पट्ट्या एकत्र, संथपणे वाजवत राहायच्या. हा झाला सा आणि पंचम, म्हणजे आपला तानपुरा. उजव्या हाताने वर कुठल्याही काळ्या पट्ट्यांवर फिरायचं. घरी कुणी गाणं ऐकत असेल, तर दोन मिनिटांत स्वयंपाकघरातून आवाज येतो, "हा भूप ना?" होय, भूपच. काळी तीनला सा मानलं की पाच काळ्या पट्ट्या म्हणजे सा, रे, ग, प, ध.

आता गंमत बघा. पट्ट्या त्याच पाच, पण सा बदलायचा. काळी एकला सा मानलं तर दुर्गा. काळी दोनला सा मानलं तर धानी. काळी चारवरून मधमाद सारंगाचे स्वर मिळतात. आणि काळी पाचला सा मानलं की मालकंस. मालकंसात पंचम नाही, तेव्हा तिथे डाव्या हाताने सा आणि मध्यम धरायचा, म्हणजे काळी पाच आणि काळी दोन. आपल्या शास्त्रात या सा बदलण्याला मूर्च्छना म्हणतात. सहा वर्षांच्या मुलाला मी हा शब्द सांगत नाही. त्याला म्हणते, घर बदललं. मघाशी आपण या घरी परत येत होतो, आता त्या घरी येऊ. मुलाला लगेच जाणवतं की स्वर तेच असूनही हवा बदलली. मालकंसाच्या घरात एका मुलीने मला विचारलं होतं, "मिस, इथे रात्र झाली का?"

काळ्या पट्ट्यांपासूनच का? याला दोन कारणं आहेत. या पाच स्वरांमध्ये एकमेकांना अगदी चिकटून असलेले, अर्ध्या सुराचं अंतर असलेले दोन स्वर कुठेच नाहीत. त्यामुळे कुठलेही दोन एकत्र वाजले तरी कानाला बोचत नाही. वाजवणाऱ्याला चुकायची भीती उरत नाही. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फने मुलांसाठी आखलेल्या पद्धतीत हेच तत्त्व आहे. त्याच्या वाद्यांच्या पट्ट्या काढता येत, आणि नको ते स्वर काढून पाच स्वर मुलांपुढे ठेवत. दुसरं कारण हाताच्या घडणीचं. मधली बोटं लांब, अंगठा आणि करंगळी आखूड. लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर आपसूक बसतात. शोपँ हा पियानोचा मोठा शिक्षक होता. तो विद्यार्थ्यांचा हात पहिल्यांदा पट्ट्यांवर ठेवायचा तो असा, की मधली तीन बोटं काळ्यांवर येतील आणि दोन कडेची पांढऱ्यांवर.

इथे जाणकार मंडळी कान टवकारतील, आणि त्यांचं बरोबर आहे. हे पाच स्वर वाजवले म्हणजे भूप झाला का? नाही झाला. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, त्यांच्यातलं येणंजाणं, थांबणं, वजन. शिवाय पियानोला मींड नाही. क्रिस्तोफोरीच्या युक्तीत पट्टी दाबली की लाकडी हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. त्या क्षणानंतर स्वर फक्त विरत जातो. त्याला वळवता येत नाही, फुलवता येत नाही. आणि पियानोवर सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग केलेले असतात. त्यामुळे त्याचा गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा अर्ध्या सुराच्या साधारण सातव्या हिश्श्याइतका चढा असतो. पंचमातला फरक मात्र नगण्य आहे. म्हणून मी मुलांना सांगते, हा भुपाचा सांगाडा आहे, खरा भूप ऐकायचा तर गाणाऱ्याकडे जा. आणि मुलं जातातही. सांगाडा हाताखालून गेलेला असला की गाण्यात काय जास्तीचं आहे ते नेमकं ऐकू येतं.

आता दुसरी पायरी, सवाल-जवाब. मी चार मात्रांचा एक छोटा तुकडा वाजवते, विद्यार्थ्याने चार मात्रांत उत्तर द्यायचं. अट एकच, ठेका सोडायचा नाही. सुरुवातीला सगळेजण चारही मात्रा स्वरांनी खच्चून भरतात. मग मी सांगते, आता उत्तरात फक्त तीन स्वर वापरायचे. मग फक्त दोन. विद्यार्थ्याला हळूहळू कळतं की न वाजवलेली मात्राही बोलत असते. नंतर सांगते, मी जे वाजवलं त्याचाच शेवट बदलून दे. इथे ऐकणं सुरू होतं. मी काय वाजवलं हे नीट ऐकलं नसेल तर शेवट कशाचा बदलणार?

आणि समजा एखादी पट्टी भलतीच लागली, तर थांबायचं नाही. तीच पुन्हा मुद्दाम वाजवायची. एकदा वाजली तर ती चूक वाटते, तीनदा ठेक्यात वाजली की ऐकणाऱ्याला वाटतं, यांच्या मनात हेच होतं. हे सांगितल्यावर मुलं खदखदून हसतात. मोठी माणसं मात्र सुटकेचा श्वास टाकतात.

तिसरी पायरी पांढऱ्या पट्ट्यांची आणि कॉर्डची. कॉर्ड म्हणजे तीन-चार स्वर एकत्र वाजवणं. पांढरी एकला सा धरलं, तर सा-ग-प हा एक कॉर्ड, म-ध-सा हा दुसरा आणि प-नि-रे हा तिसरा. या तिघांवर कितीतरी सोप्या चाली उभ्या राहतात. तो वाढदिवसाचा हॅपी बर्थडेसुद्धा यांच्यातच बसतो. मी नोटेशन देत नाही. चाल कानाने शोधायची, आणि कुठे कुठला कॉर्ड लावला की चालीला आधार मिळतो तेही कानानेच ठरवायचं. पहिल्या गाण्याला एक आठवडा लागतो, पाचव्या गाण्याला एक संध्याकाळ पुरते.

यानंतर बारा बारचा ब्लूज. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून आलेला हा साचा आपल्याला मुळीच परका वाटत नाही, कारण ते आवर्तनच आहे. चार-चार मात्रांचे बारा खण, म्हणजे ४८ मात्रा. पहिले चार खण सा चा कॉर्ड, मग दोन म चे, दोन सा चे, एक प चा, एक म चा आणि शेवटचे दोन पुन्हा सा चे. मी डाव्या बाजूला बसून काळी दोनच्या सुरात हे आवर्तन धरते, आणि विद्यार्थी वरच्या सप्तकात फक्त काळ्या पट्ट्या वाजवतो. म्हणजे मघाशी धानीचे म्हणून वाजवलेलेच पाच स्वर! आठ वर्षांचा मुलगा अशा वेळी जो रुबाब करतो, तो बघण्यासारखा असतो.

आता त्या ठरलेल्या दोन प्रश्नांकडे येते. मुलाला कितव्या वर्षी? वयापेक्षा दोन गोष्टी बघा. त्याला दहा-पंधरा मिनिटं एका जागी रमता येतं का, आणि ऐकलेली छोटी ओळ टाळ्या वाजवून किंवा गाऊन परत देता येते का. बहुतेक मुलांना सहा-सातव्या वर्षी हे जमतं. त्याआधी गाणी, टाळ्या, नाच हेच उत्तम शिक्षण. मुलाचा हात लहान असतो. एका सा पासून वरच्या सा पर्यंतचं अंतर जवळजवळ साडेसोळा सेंटीमीटर, ते लहान हातात मावत नाही. म्हणून ताणायला लावायचं नाही, छोट्या जागेत वाजवायचं. रोज दहा मिनिटं, रविवारी दोन तास नव्हेत.

आणि पालकांना एक विनंती. मूल पुस्तकाबाहेरचं काही वाजवत असेल तर आतल्या खोलीतून "टवाळक्या नकोत, नीट वाजव" असं ओरडू नका. तो पेडल दाबून खालच्या पट्ट्यांवर दणादण मुठी मारत असेल, तर तो ढग वाजवत असेल. त्याला विचारा, पाऊस कधी येणार? मग तो वरच्या पट्ट्यांवर जाईल. ढग आणि पाऊस यांत सुरुवात, मध्य आणि शेवट आला, म्हणजे रचना आलीच.

मोठ्या माणसांना जमेल का? जमेल. बोटं मुलांइतक्या लवकर वळत नाहीत, हे खरं आहे. पण मोठ्या माणसाने चाळीस-पन्नास वर्षं गाणी ऐकलेली असतात. चाल पुढे कुठे जाणार हे त्याला आधीच ऐकू येतं, आणि 'का' हे समजलं की तो पटकन पुढे जातो. त्याची अडचण वेगळीच असते, ती म्हणजे लाज. चांगलं वाजवणं कसं असतं हे ठाऊक असल्यामुळे स्वतःचं वाजवणं त्याला सोसवत नाही. नोटेशन वाचताना ही लाज लपते, कारण चुकलं तर पुस्तकातलं चुकलं. मनाने वाजवताना मात्र आपण उघडे पडतो असं वाटतं.

२००८ साली चार्ल्स लिंब आणि अ‍ॅलन ब्राऊन या संशोधकांनी सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून छोटा कीबोर्ड वाजवायला दिला. आधी पाठ केलेलं वाजवायचं, मग मनाने. मनाने वाजवताना मेंदूच्या पुढच्या भागातले, स्वतःवर नजर ठेवण्याशी संबंधित असलेले काही भाग शांत झालेले दिसले. सहाच माणसं, तीही मुरलेली, त्यामुळे यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण शिकवणीत मी जे रोज बघते त्याच्याशी हे जुळतं. डोक्यातला परीक्षक बाहेर जाऊन बसला की हात चालतो. मुलांच्या डोक्यात तो अजून राहायला आलेला नसतो. मोठ्यांना त्याला बाहेर पाठवायची युक्ती द्यावी लागते. ती युक्ती म्हणजे बंधन. "काहीही वाजवा" म्हटलं की मोठा माणूस गोठतो. "या तीनच पट्ट्या, चार मात्रा, आणि शेवट सा वर" म्हटलं की त्याच्याकडे लाजायला वेळच राहत नाही.

माझ्याकडे अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई शिकायला आल्या. घरात पियानो होता, मुलीचा. मुलगी आठवी ग्रेड उत्तम गुणांनी पास झाली, पुढे शिकायला परदेशी गेली, तिकडेच स्थिरावली. चौदा वर्षं पियानो बंद होता. बाई म्हणाल्या, "ताई, मला परीक्षा नको. तो नुसता उभा असतो ना, ते बघवत नाही." पहिले दोन महिने त्या प्रत्येक स्वरानंतर माझ्याकडे बघायच्या. बरोबर आहे का, असं डोळ्यांनी विचारायच्या. हळूहळू ते बघणं थांबलं. मुलगी सुट्टीला आली तेव्हा आई काळ्या पट्ट्यांवर दुर्गा वाजवत होती. मुलगी शेजारी येऊन बसली. तिने विचारलं, "आई, याचं पुस्तक कुठंय?" पुस्तक नाही म्हटल्यावर ती बराच वेळ नुसती बसून राहिली. बाईंनी तिला डावा हात धरायला लावला. आठवी ग्रेड पास झालेली ती मुलगी मला नंतर म्हणाली, "मला एवढं सगळं येत होतं, आणि हे कुणीच कसं सांगितलं नाही?" त्या प्रश्नाचं उत्तर मी तिला देऊ शकले नाही. पण तिच्यासारखी मुलं थोडी नाहीत.

याचा अर्थ वाचायला शिकू नका, असा मुळीच नाही. माझ्या चाळीस मिनिटांच्या तासात उपजेला दहा-बारा मिनिटं असतात. बाकी वेळ वाचन, स्केल्स आणि रचना. दोन्ही हातांत हात घालून जातात. आपल्याकडचंच उदाहरण आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवत. त्यातले पुष्कळजण मुंबईला आले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसले. समोर आलेला कागद बघताक्षणी वाजवायची त्यांची तयारी होती. आणि त्यांतलेच काहीजण रात्री हॉटेलांत जॅझ वाजवत, जिथे कागदाचा फारसा उपयोग नसतो. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोव्याचे ट्रम्पेटवादक अँतोनियो शावियर वाझ ताजमहाल हॉटेलात जॅझ बँड चालवायचे आणि आपल्या सी. रामचंद्रांचे, म्हणजे चितळकरांचे सहायकही होते. १९५१ च्या 'अलबेला'च्या संगीतात जो नवा उत्साह ऐकू येतो, तो वाचता येणाऱ्या आणि मनाने वाजवता येणाऱ्या अशा हातांचा होता.

बंधनातून काय घडतं, याचं अलीकडचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे २४ जानेवारी १९७५ चा कीथ जॅरेटचा कलोनमधला कार्यक्रम. ऑपेरा हाउसमध्ये ठरलेला पियानो आलाच नाही. जो होता तो लहान, खर्ज पोकळ, वरच्या पट्ट्या कर्कश, पेडल नीट चालेना. जॅरेट वाजवायला तयार नव्हता. शेवटी बसला, आणि तासाभराहून अधिक वेळ सगळं आयत्या वेळी सुचलेलं वाजवलं. मधल्या पट्ट्यांवर भर देत, डाव्या हाताने तेच तेच आकृतिबंध घोळवत. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग एकल पियानोच्या सर्वाधिक खपलेल्या रेकॉर्डमध्ये गणलं जातं.

वाद्याबद्दलही लोक विचारतात. घरात खरा पियानो असेल तर उत्तमच, मात्र कोकणपट्टीच्या आणि मुंबईच्या हवेत त्याला पावसाळा सोसत नाही. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, सूर सरकतो. वर्षातून दोनदा ट्यूनर बोलवा. नवीन घ्यायचं तर डिजिटल पियानो घ्या, ८८ वजनदार पट्ट्यांचा. तेवढं परवडत नसेल तर ६१ पट्ट्यांचा कीबोर्डही सुरुवातीला चालेल, फक्त बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहानमोठा होणारा बघा. कीबोर्डमधला तयार ठेका आणि तयार कॉर्ड मात्र पहिलं वर्षभर बंद ठेवा. ते यंत्राने वाजवलं तर तुम्ही काय वाजवणार?

आणि शिक्षक निवडताना परीक्षेचे निकाल जरूर विचारा, पण त्याबरोबर हेही विचारा, की वर्षाच्या शेवटी माझं मूल पुस्तकाशिवाय काय वाजवू शकेल? परीक्षा द्यायचीच असेल तर ट्रिनिटीच्या परीक्षेत इम्प्रोव्हायझेशन हा भाग निवडता येतो, हेही अनेकांना माहीत नसतं.

पण शिक्षक मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. घरात माळ्यावर पेटी असेल तर ती खाली काढा. भात्याला एक हात लागतो, तेव्हा घरातल्या कुणाला तरी भाता मारायला बसवा, म्हणजे तुमचा डावा हात सा-पंचमाला मोकळा राहील. काळी तीन, वरची काळी एक, आणि उजवा हात काळ्या पट्ट्यांवर. पाच मिनिटं थांबू नका. भाता मारणारा कंटाळून म्हणेल, "आता मला दे." तेव्हा जागा बदला.